खानदेशच्या उन्हाळ्यात बॉल पायथनच्या पेटीचे तापमान कसे सांभाळावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: भुसावळमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या, थेट स्लॅबखालच्या खोलीत आपण तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद काचेच्या टँकमध्ये एक बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा बिनविषारी अजगर, ठेवला आहे. टँकच्या एका टोकाखाली हीट मॅट, म्हणजे तळ तापवणारी विजेची चटई आहे, वर १०० वॉटचा बल्ब आहे आणि मागच्या काचेवर चिकटवलेला काट्याचा तापमापक दुपारी ३१ अंश दाखवतो. मार्च संपत आल्यापासून साप दिवसाचा बराच वेळ पाण्याच्या भांड्यात पडून असतो. म्हणून आता मॅट आणि बल्ब पूर्ण बंद करावेत का, आणि टँकसमोर पंखा किंवा कूलर लावला तर चालेल का, असे आपण विचारले आहे.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. सापाला उष्णता किती द्यावी हा एक, आणि नको असलेली उष्णता त्याच्यापासून दूर कशी ठेवावी हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे इंटरनेटवर ढिगाने मिळतात, कारण साप पाळण्याचा छंद मुख्यतः ज्या थंड देशांत वाढला तिथली अडचणच थंडीची आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाणाऱ्या जळगाव जिल्ह्यात ती उत्तरे अर्धवट ठरतात. आपल्याकडे वर्षातले निदान चार महिने दुसरा प्रश्न मुख्य असतो, आणि त्याचे उत्तर टँकच्या आत सापडत नाही. हीटर उष्णता घालू शकतो, पण बाजारात मिळणारे टँकमध्ये बसवायचे कोणतेही साधे उपकरण उष्णता बाहेर काढू शकत नाही. टँक फार तर खोलीइतका थंड राहील, त्यापेक्षा फारसा थंड नाही. म्हणून खानदेशात सापाची खरी पेटी म्हणजे ती खोलीच आहे असे मी मानतो, आणि पुढचे सगळे उत्तर या एका गोष्टीभोवती फिरते.

मी पशुवैद्यक आहे. माझे रोजचे काम गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्या-मांजरांचे असले, तरी गेली बरीच वर्षे सरीसृपही तपासतो आणि माझ्या स्वतःच्या घरीही बॉल पायथन आहे. आपला साप बॉल पायथनच आहे असे मी गृहीत धरले आहे. तो भारतीय अजगर असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो घरी ठेवताच येत नाही आणि तापमानाची चर्चा सोडून आधी वनविभागाशी बोलावे लागेल. बॉल पायथन विदेशी असला, तरी साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये असल्यामुळे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ती केली नसेल तर तेवढे काम उरकून घ्यावे. सापाचे वय, वजन, खोलीच्या खिडक्यांची दिशा आणि घरात खालच्या मजल्यावर जागा आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. त्यानुसार तपशील बदलतील, तर्क बदलणार नाही.

आधी आकडे पाहू. बॉल पायथनसाठी उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५ ते २७ अंश आणि रात्री २४ च्या खाली नाही, असा हिशेब धरावा. ३५ च्या वर सतत राहिल्यास त्याला ताण येतो आणि ३८ ते ४० अंशांत सुटकेची जागा नसेल तर जीव जाऊ शकतो; जगला तरी मेंदूला इजा होऊन मान वाकडी करून वर पाहत राहणे, अंग पालथे-उलथे होणे अशी लक्षणे कायम राहिलेली मी पाहिली आहेत. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. तिथेही ऊन कमी नसते, पण दिवसा तो उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. ‘आफ्रिकेतला आहे म्हणजे गरमी सोसेल’ हे वाक्य माझ्याकडे येणारे बहुतेक जण बोलतात. तो सोसतो ती बिळातली गरमी, बाहेरची नव्हे.

सापाला स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून तापमान टिकवता येत नाही, हे आपण वाचले असेलच. व्यवहारात याचा अर्थ असा की जागा बदलणे हाच त्याचा तापमान सांभाळण्याचा उपाय आहे. खाल्ल्यावर तो उबदार टोकाला जाईल, पोट रिकामे झाले की थंड टोकाला येईल. म्हणून ‘टँकचे तापमान किती असावे’ या प्रश्नाला एक आकडा नसतो. टँकमध्ये निवडीला वाव आहे का, एवढेच पाहायचे असते. संपूर्ण टँक ३१ अंशांवर असेल तर आकडा पुस्तकात शोभेल असा असूनही साप अडकलेला आहे, कारण २६ अंशांची जागा त्याला कुठेच मिळत नाही. आपल्या वर्णनावरून मला हेच घडत असल्याचा दाट संशय आहे. पाण्याचे भांडे ही त्या टँकमधली एकमेव थंड जागा उरली असावी.

तरीही पाण्यात पडून राहण्याला उष्णता हे एकच कारण नसते, म्हणून दुसरी दोन कारणे आधी तपासून घ्यावीत. कात टाकण्याआधी काही साप पाण्यात बसतात. तेव्हा डोळे दुधाळ निळसर दिसतात आणि रंग फिका पडतो. दुसरे कारण गोचिडीच्या जातीच्या बारीक किड्यांचे, म्हणजे माइट्सचे. भांड्यातले पाणी पांढऱ्या ताटलीत ओतून पाहा. तळाशी खसखशीपेक्षाही लहान काळे ठिपके दिसले आणि त्यातले काही हलत असले, तर ते माइट्स आहेत. सापाच्या हनुवटीखालची खाच आणि डोळ्यांच्या कडा भिंगाने पाहिल्या तर तिथेही ते सापडतात. या दोन्ही शक्यता मोडीत निघाल्या, तर मात्र खोली आणि टँकचे तापमान नीट मोजायला घ्यावे.

काट्याचा तापमापक काढून टाका. तो काचेवर, मध्यावर आणि सापाच्या डोक्याच्या बराच वर चिकटवलेला असतो, आणि साप तर तळाशी राहतो. त्याऐवजी वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान टिपणारे टोक असलेले दोन डिजिटल तापमापक घ्या, म्हणजे एक उबदार लपणाच्या (साप लपून बसतो त्या आडोशाच्या) आत आणि दुसरा थंड लपणाच्या आत तळाला ठेवता येईल. शक्यतो दिवसभरातले किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारे मॉडेल घ्यावे, कारण आपण ऑफिसात असताना दुपारी काय झाले हे त्याशिवाय कळत नाही. विकत आणल्यावर स्टीलच्या पेल्यात कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी घालून, ढवळून, प्रोब त्यात बुडवून पाहावा; पाच मिनिटांनी शून्याच्या एक अंश इकडेतिकडे दाखवत असेल तर तो वापरण्याजोगा आहे. कोविडच्या काळात घरोघरी आलेली ताप मोजायची गन वापरायची असेल तर ती आधी ‘सरफेस’ मोडवर घ्यावी लागते, कारण ‘बॉडी’ मोडमध्ये ती कपाळाच्या हिशेबाने आकडा दुरुस्त करून दाखवते. शिवाय बाहेरून काचेवर रोखली तर ती काचेचेच तापमान सांगते, आतले नाही. झाकण उघडून थेट जमिनीवर आणि लपणावर रोखावी.

मोजायचे कधी, याला फार महत्त्व आहे. बहुतेक जण दुपारी दोनला पाहतात आणि निश्चिंत होतात. आपली खोली स्लॅबखाली आहे. दिवसभर तापलेले काँक्रीट उष्णता सावकाश खाली पोचवते, त्यामुळे छताची आतली बाजू सायंकाळी सर्वाधिक तापलेली असते आणि बाहेरची हवा निवल्यावरही रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मी रात्री साडेनऊला गन छतावर रोखली तेव्हा आकडा चाळिशीच्या पुढे होता, आणि अंगणात त्याच वेळी लोक खाटा टाकून गारव्याला बसले होते. त्या घरातला बल्ब टायमरवर होता आणि तो रात्री दहालाच बंद होई, म्हणजे दिवसातल्या सर्वात वाईट तासांत खोलीच्या उष्णतेवर बल्बची उष्णता चढत होती. तेव्हा किमान एक आठवडा सकाळी सात, दुपारी तीन, सायंकाळी सात आणि रात्री दहा या वेळांचे आकडे वहीत लिहा. थंड टोकाचा आकडा सायंकाळी ३२ च्या वर राहत असेल, तर त्या खोलीत उन्हाळा काढणे सोडून द्यावे.

आता खोलीविषयी. घरात तळमजला असेल तर टँक तिथे हलवणे हा सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक उपाय आहे, आणि लोक नेमका तोच टाळतात, कारण पाहुण्यांना साप दिसायला हवा असतो. वर दुसरा मजला असलेली, पश्चिमेची भिंत नसलेली, आतल्या भागातली खोली निवडावी. टँक भिंतीच्या कपाटात किंवा माळ्यावर न ठेवता जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर ठेवावा, कारण गरम हवा वर साचते आणि शहाबादी किंवा कोटा फरशी खालून थोडा गारवा देते. अगदी जमिनीवर ठेवू नये. लाल मुंग्या लागतात आणि कात टाकणाऱ्या सापाला त्या बेजार करतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर तोही प्रश्न मिटतो. चोपडा-यावलकडे अजून काही जुनी धाब्याची घरे उभी आहेत. जाड मातीच्या भिंती आणि मातीचे धाबे असलेल्या अशा एका घरात राहणाऱ्या ओळखीच्या मुलाला मे महिन्यातही कूलरशिवाय थंड टोक तिशीच्या आत ठेवता आले. आपले घर तसे नसेल, तरी स्लॅबवर चुन्याचा किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा थर देणे, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावणे हे करता येतेच. पडदा बाहेरून हवा. आतल्या पडद्याने ऊन अडते, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. टँकवर थेट ऊन पाच-दहा मिनिटेही पडू देऊ नये. बंद काचेत उन्हाची तिरीप पडली की आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी वर जाते, आणि हे हिवाळ्यात ‘जरा ऊन दाखवू’ म्हणून टँक गॅलरीत ठेवणाऱ्यांनाही लागू आहे.

पंख्याचे उत्तर थोडे वेगळे आहे. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. माणसाला गार वाटते ते घाम वाळल्यामुळे, आणि सापाला घाम येत नाही. खोलीतली हवा ३९ अंश असेल तर पंख्याने ती हवा सापाच्या अंगावर आणखी वेगाने आदळते आणि तो लवकर तापतो. पंखा उपयोगी पडतो तो रात्री, बाहेरची हवा खोलीपेक्षा थंड झाल्यावर, खिडकीतून आत ओढण्यासाठी किंवा तापलेली हवा बाहेर फेकण्यासाठी. तेव्हाही तोंड टँककडे नको.

कूलर मात्र आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये खरोखर काम करतो, आणि याला कारण आपली कोरडी हवा आहे. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगले गवत किंवा पॅड असलेला कूलर तिथवर पोचत नाही, पण २६ ते २८ अंशांची हवा देतो. खोलीत ती मिसळून तापमान ३० च्या आसपास आले, तरी आपला हेतू साधला. शिवाय बॉल पायथनला ५० ते ६० टक्के आर्द्रता लागते आणि मेच्या दुपारी खोलीत ती नसते, ती उणीवही कूलर भरून काढतो. फक्त तीन पथ्ये पाळावीत. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा आणि समोरची एक खिडकी किंवा दार उघडे हवे, नाहीतर तीच ओली हवा फिरत राहते आणि तासाभरात गारवा संपतो. झोत टँकवर थेट नको. आणि टाकीतले पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे, कारण त्या कुबट हवेत श्वास घेणारा फक्त साप नसतो. जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाला की हे गणित उलटते. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत कूलर जेमतेम तीन-चार अंश उतरवतो आणि खोली दमट करून टाकतो; कोंदट दमटपणात पोटाचे खवले कुजतात आणि श्वसनाचे आजार बळावतात. पहिले चार-पाच जोरदार पाऊस झाले की कूलर बंद करून खेळत्या हवेकडे लक्ष द्यावे.

एसी असेल तर २७ वर ठेवून टँकची सर्व तापमानाची चिंता मिटते, पण एसी हवा कोरडी करतो. मग पाण्याचे भांडे मोठे ठेवावे आणि एका लपणात ओलसर मॉस (शेवाळ) किंवा नारळाचा भुसा भरावा, म्हणजे कात तुकड्यांत निघणार नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नावर येतो: मॅट आणि बल्ब बंद करावेत का? बल्ब काढूनच टाकावा. रात्री बाहेर पडणाऱ्या सापाला तापायला तेजस्वी बल्बची गरज नसते आणि १०० वॉटचा बल्ब तीन फुटी टँकमध्ये आपल्या हवामानात वर्षातले जवळजवळ सर्वच महिने जास्तच आहे. मॅट काढू नये, पण ती थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान पाहून आपोआप चालू-बंद करणाऱ्या उपकरणावर, लावल्याशिवाय एक तासही चालू ठेवू नये. कॅलेंडर पाहून चालू-बंद करण्यापेक्षा थर्मोस्टॅटच्या भरवशावर सोडण्यात शहाणपण आहे, कारण आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी ३६ आणि पहाटे १५ अंश एकाच दिवसात येतात. थर्मोस्टॅट ३२ वर लावला तर मे महिन्यात मॅट आपोआप बंदच राहील आणि मार्चच्या पहाटे ती आपोआप सुरू होईल. एसटीसी-१००० सारख्या साध्या कंट्रोलरला उष्णतेसाठी आणि थंडाव्यासाठी अशा दोन स्वतंत्र जोडण्या असतात. थंडाव्याच्या जोडणीवर छोटा एक्झॉस्ट पंखा लावून ठरावीक आकड्याला सुरू होईल असे करता येते. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी आणि पाणी जवळ असल्यामुळे त्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच असावा.

थर्मोस्टॅटचा प्रोब कुठे आहे याकडे मी घरी जाऊन तपासताना सर्वात आधी पाहतो. तो मॅटच्या बरोबर वर, काचेच्या तळाला टेपने घट्ट बसवलेला असावा आणि त्यावर भुशाचा थर एक-दीड सेंटिमीटरहून जाड नसावा. एका डिसेंबरात माझ्याकडे एक साप आणला होता. पोटावर साधारण हातभर लांबीत खवले आधी तपकिरी आणि मग पिवळट, ओलसर झाले होते. हलक्या हाताने पुसले की कापसाला खवलाच चिकटून येई आणि खाली लालबुंद चामडी दिसे. मालकांचे म्हणणे, तापमान २९ च्या वर कधी गेलेच नाही. प्रोब सापाने ढकलून पाण्याच्या भांड्यात पाडला होता. थर्मोस्टॅट थंड पाणी मोजत राहिला, मॅट अखंड चालू राहिली आणि चार इंच नारळभुशाच्या खाली उष्णता कोंडून काच तव्यासारखी तापली. साप मात्र ऊब मिळावी म्हणून भुसा उकरून नेमका त्याच काचेवर जाऊन पडला होता. पोटाखालून हळूहळू चढणारी उष्णता सापाला वेळेवर कळत नाही, तो उठून जात नाही. तो वाचला, पण मलमपट्टी आणि कात टाकण्याची वाट पाहण्यात कित्येक महिने गेले. तापणारे कृत्रिम दगड मिळतात ते याच कारणासाठी कधीही आणू नयेत.

एवढे झाल्यावर थंड टोक थंड राहण्यासाठी टँकच्या आत करता येण्याजोगी एक गोष्ट उरते आणि ती आपल्या हवेला साजेशी आहे. न रंगवलेले, न झिलई केलेले मातीचे मडके आडवे अर्धे कापून किंवा तोंडाशी पुरेसे मोठे भोक पाडून थंड टोकाला लपण म्हणून पालथे ठेवावे, कडा घासून गुळगुळीत कराव्यात, आणि दुपारी त्याच्या बाहेरच्या बाजूवर पाणी शिंपडावे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने मडक्याखालची जागा खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी निवते. झाकण जाळीचे असेल तरच हे चालते. बंद काचेत बाष्प अडकते, मग ना गारवा ना कोरडेपणा.

वीज गेली तर काय, हा खानदेशात पुस्तकी प्रश्न नाही. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर कूलरचा पंप आणि पंखा चालू शकतो, एसी चालत नाही. फ्रीजरमध्ये एक-एक लिटरच्या पाण्याच्या तीन-चार बाटल्या गोठवून ठेवाव्यात आणि तापमान ३४ च्या वर गेले की दोन बाटल्या जाड कापडात गुंडाळून जाळीच्या झाकणावर, थंड टोकाच्या बाजूला ठेवाव्यात. थंड हवा खाली उतरते. बाटली आत सापाला टेकवून ठेवू नये. त्यानेही भागत नसेल तर साप कापडी पिशवीत, पिशवी भोके पाडलेल्या थर्माकोलच्या डब्यात आणि डबा तळमजल्यावर शेजाऱ्यांकडे, हा मार्ग संकोच न करता पत्करावा.

सापाचे तोंड उघडे, अंग ढिले, सरळ होण्याची ताकद नाही अशा अवस्थेत सापडला तर बर्फाचे पाणी घालू नये. एकदम थंड केल्याने धक्का बसतो. खोलीच्या सर्वात गार कोपऱ्यात, २६ ते २८ अंशांच्या उथळ पाण्यात, पाणी त्याच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंतच राहील असे ठेवावे आणि डोके पाण्याबाहेर आधाराने धरावे. तोंडात पाणी ओतू नये. थोडा सावरला तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे, कारण मूत्रपिंडाची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. नेताना उभ्या गाडीत त्याला एकटे सोडू नये.

उष्णतेच्या लाटेत खायला देण्याविषयी आपण विचारले नव्हते, पण हा तिच्याशीच जोडलेला विषय आहे. थंड टोक ३२ च्या खाली आणता येत नसलेल्या आठवड्यात उंदीर देऊ नये. पचनाच्या काळात सापाला तापमान निवडता यायला हवे. ते नसेल तर तो खाल्लेले ओकतो, आणि ओकल्यानंतरचा अशक्तपणा उपासापेक्षा कितीतरी जास्त महाग पडतो. निरोगी प्रौढ बॉल पायथन काही आठवडे, कधी महिनेही उपाशी राहून ठणठणीत असतो. पिलाचे मात्र तसे नाही. त्याला खाऊ घालणे लांबवण्याऐवजी खोलीची सोय आधी करावी.

इथवरच्या गोष्टींचा क्रम असा लावावा: आधी माइट्स आणि कात तपासणे, मग आठवडाभर चार वेळांची नोंद, मग खोली बदलणे किंवा कूलर, आणि शेवटी मॅटचा थर्मोस्टॅट; तो लागेपर्यंत मॅट बंदच ठेवावी. बल्ब मात्र आजच काढावा.

हिवाळ्याचे थोडे. रावेर-यावलचा केळीवाला मे महिन्यातल्या झळांसाठी बागेभोवती शेवरी लावतो आणि थंडीत त्याच बागेला पहाटे पाणी देऊन दंवापासून वाचवतो. आपल्यालाही एकाच टँकसाठी दोन्ही तयाऱ्या ठेवाव्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्यात रात्री पारा ८ ते १० अंशांवर येतो, काही वर्षी त्याहून खाली. साप ‘थंडीत झोपी जातो’ म्हणून काही जण मॅट बंद ठेवतात, पण बॉल पायथनला अशा थंड झोपेची सवय नाही. २४ च्या खाली दिवसेंदिवस राहिला तर पचन थांबते, नाकातोंडातून फेस आणि शिट्टीसारखा श्वास सुरू होतो. अशा वेळी नुसती मॅट पुरत नाही, कारण ती तळ तापवते, हवा नाही. थंड टोकाच्या उलट बाजूला थर्मोस्टॅटवर ६० किंवा ७५ वॉटचा सिरॅमिक हीटर (उजेड न देता फक्त उष्णता देणारा) जाळीबाहेरून लावावा, सापाचे अंग त्याला लागणार नाही अशी जाळी त्याभोवती असावी, आणि टँकच्या तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल चिकटवावे. रात्री वरून चादर टाकायची असेल तर ती हीटरपासून निदान वीतभर दूर असावी आणि हवा जायला एक बाजू पूर्ण मोकळी ठेवावी.